आधार काय?

१४.१ प्रस्तावना

‘कान आणि डोळे यांत चार बोटांचे अंतर असते’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ऐकलेले सारे खरे नसते, ते पाहून, पडताळून घ्यावे, असा तिचा अर्थ आहे. प्रत्येक गोष्ट स्वतः पाहणे मात्र कोणालाच शक्य नसते. म्हणून आपण जाणकारांनी लिहिलेल्या ग्रंथांचा आधार घेतो. अशा ग्रंथांत ज्ञानकोशाचे स्थान महत्त्वाचे आहे.

मराठीत ज्ञानकोशांची मोठी परंपरा आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२०च्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ २३ खंडांत सिद्ध केला. पुढे वाई येथून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली ‘मराठी विश्वकोश’ आकाराला आला. त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. हे कोश विद्वानांनी लिहिले आणि इतरांनी वाचले. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडिया या महाजालावरील मुक्त ज्ञानकोशाने वेगळी वाट धरली. तेथे कोणीही लिहू शकतो व दुसऱ्याचे लेखन सुधारू शकतो. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला.

कोणीही लिहिलेल्या मजकुरावर वाचकाने विश्वास कसा ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर एका नवशिक्याच्या अनुभवाची कल्पना करून आपण प्रस्तुत पाठात शोधणार आहोत.

१४.२ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• ऐकीव माहिती व साधार माहिती यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• एखादा संदर्भ विश्वसनीय आहे की नाही हे पारखता येईल;
• दंतकथा व इतिहास यांची मांडणी वेगवेगळ्या शब्दांत करता येईल;
• मौखिक ज्ञानाच्या नोंदीचे महत्त्व सांगता येईल.

१४.३ मूळ पाठ

(अ) एका वाक्याची हकिकत

समजा, नोकरीच्या निमित्ताने तुम्ही कर्नाटकाच्या राजधानीत, बंगळूरला राहावयास गेला आहात. शहराच्या नावाची एक गोष्ट तुम्हांला तेथे पुन्हा पुन्हा ऐकावयास मिळते. होयसळ राजा वीर बल्लाळ शिकारीच्या नादात रानात वाट चुकला. भुकेने व्याकूळ झालेल्या राजाला एका वृद्धेने उकडलेले दाणे खाऊ घातले. कन्नड भाषेत ‘बेंद’ म्हणजे शिजलेले, ‘काळु’ म्हणजे दाणे आणि ‘ऊरु’ म्हणजे गाव. कृतज्ञ राजाने त्या जागेला ‘बेंदकाळूरु’ हे नाव दिले व बोलता बोलता त्याचे ‘बेंगळूरु’ झाले.

गोष्ट गोड आहे. मराठी वाचकांनाही ती कळावी असे तुम्हांला वाटते. तुम्ही मराठी विकिपीडियावर सदस्य म्हणून नाव नोंदवता. नवशिक्याला सरावासाठी तेथे एक पान असते. त्याला ‘धूळपाटी’ हे समर्पक नाव दिलेले आहे. पूर्वी मुले पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरवीत, तशीच ही पाटी. तेथे हात बसल्यावर तुम्ही बंगळूरविषयीच्या लेखात एक वाक्य घालता : ‘बंगळूर हे नाव वीर बल्लाळ राजाने दिले.’

दुसऱ्या दिवशी त्या वाक्यापुढे चौकटी कंसात दोन शब्द उमटलेले दिसतात : ‘संदर्भ हवा’.

मन खट्टू होते. आपण खोटे बोललो असे कोणाला वाटले काय? कदाचित आपले शिक्षण अपुरे आहे म्हणून हा आक्षेप असेल, अशीही शंका डोकावते. प्रत्येक लेखाला जोडून एक चर्चापान असते. तेथे तुम्ही लिहिता, “ही गोष्ट येथे सर्वांनाच ठाऊक आहे.” एक जुना संपादक उत्तर देतो, “सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट कोणी तरी छापलीही असेल. ते पुस्तक आणि पान आपण सांगावे, म्हणजे वाक्य पक्के होईल.”

या उत्तरात तुमचे शिक्षण, वय वा हुद्दा यांची चौकशी नाही. चौकशी आहे ती वाक्याच्या आधाराची. विद्यापीठातील प्राध्यापकाने तेच वाक्य लिहिले असते, तरी त्यालाही हाच प्रश्न विचारला गेला असता.

(आ) दगड काय सांगतो

तुम्ही शोधाला लागता. सहलीच्या एका माहितीपत्रकात ती गोष्ट सापडते. पण त्यावर लेखकाचे नाव नाही, आणि त्याने ती कोठून घेतली याचाही उल्लेख नाही. दुसऱ्या ठिकाणी तीच गोष्ट त्याच शब्दांत आढळते. एकाने दुसऱ्याचे उतरून घेतले, हे उघड आहे. असे दहा कागद गोळा केले तरी ते ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ याच प्रकारचे ठरतील.

मग शहराच्या इतिहासावरील एका ग्रंथात तुम्हांला बेगूरचा उल्लेख दिसतो. बेगूर हा बंगळूरच्या दक्षिणेकडील भाग आहे. तेथील जुन्या शिवमंदिराच्या परिसरात एक शिलालेख आहे. लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेल्या दगडाला मराठीत आपण ‘वीरगळ’ म्हणतो. हा शब्दही कन्नडमधूनच आपल्याकडे आला. बेगूरचा हा लेख इ. स. ८९०च्या सुमाराचा, जुन्या कन्नड भाषेतील आहे. त्या वेळी या प्रदेशावर गंग घराण्याची सत्ता होती. नागत्तर नावाच्या सरदाराच्या पदरच्या माणसाला ‘बेंगळूरु’च्या लढाईत मरण आले, असे तो सांगतो.

आता कालगणना करून पाहू. वीर बल्लाळ, म्हणजे दुसरा बल्लाळ, याची कारकीर्द ११७३ ते १२२० अशी आहे. दगडावरील नाव त्याच्या सुमारे तीनशे वर्षे आधीचे आहे. जे नाव आधीच रूढ होते, ते बल्लाळाने दिले असे कसे म्हणता येईल? पुढे १५३७ साली केंपेगौडा यांनी येथे किल्ला व पेठ वसवून आजच्या शहराचा पाया घातला, तेव्हाही हे नाव जुनेच होते. १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेंगळूरु’ हे शहराचे अधिकृत नाव झाले, तेव्हा एका अर्थी दगडावरचेच नाव कागदावर परत आले.

तुमचे वाक्य टिकले नाही. पण त्याच्या जागी अधिक मोलाचे काही हाती लागले. उत्साहाच्या भरात तुम्ही बेगूरला जाता, दगडाचे छायाचित्र घेता आणि लेखात लिहू लागता, ‘मी स्वतः शिलालेख पाहिला असून त्यावरून असे सिद्ध होते की…’ येथे दुसरा नियम आडवा येतो. ज्ञानकोशात लेखकाने स्वतःचे संशोधन मांडावयाचे नसते. जुनी कन्नड लिपी वाचणे हे तज्ज्ञाचे काम आहे, आणि तुमचे वाचन बरोबर की चूक हे सामान्य वाचकाला तपासता येणार नाही. छापील वाचन मात्र कोणालाही उघडून पाहता येते.

हे वाचन उपलब्ध आहे. मैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्यातील आर. नरसिंहाचार यांनी हा लेख प्रकाशात आणला. कर्नाटकातील शिलालेख ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या ग्रंथमालेत संकलित झाले आहेत. ही माला बी. एल. राइस यांनी १८८६ साली सुरू केली. राइस यांचा जन्म १८३७ साली बंगळूरमध्येच झाला होता. मालेचे जुने खंड आता महाजालावरही पाहावयास मिळतात. शिवाय, १९०९ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या मिथिक सोसायटीने अलीकडच्या वर्षांत शहर परिसरातील शिलालेखांची त्रिमितीय प्रतिमांच्या रूपात नोंद करण्याचे काम हाती घेतले आहे. रस्ते आणि इमारती वाढत असताना असे दगड नाहीसे होण्याचा धोका असतो. दगड गेला तर त्याच्यासोबत पुरावाही जातो.

अखेर तुमचा मजकूर असा होतो : ‘बेगूर येथील इ. स. ८९०च्या सुमाराच्या शिलालेखात “बेंगळूरु” हे नाव आढळते. उकडलेल्या दाण्यांमुळे वीर बल्लाळाने हे नाव दिले, अशी एक आख्यायिकाही सांगितली जाते.’ दोन्ही वाक्यांपुढे ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशनवर्ष व पृष्ठक्रमांक येतात. ‘संदर्भ हवा’ हे शब्द निघून जातात. म्हातारीची गोष्टही लेखात राहते; फक्त ती आपल्या जागी, आख्यायिका म्हणून राहते.

(इ) नियमांमागील कारणे

आधार मागण्याची रीत संगणकाने आणलेली नाही. कालिदासाच्या काव्यांचा टीकाकार मल्लिनाथ याने मुळात नसलेले काही आपण लिहिणार नाही, असे वचन वाचकाला दिले होते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी जुनी दफ्तरे मिळविण्यासाठी गावोगाव पायपीट केली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. घटनेनंतर पुष्कळ काळाने लिहिलेल्या बखरीपेक्षा त्या वेळी लिहिलेले पत्र अधिक विश्वासार्ह, ही दृष्टी त्यांनी मराठी वाचकाला दिली.

मुक्त ज्ञानकोशाचे तीन मुख्य नियम याच वाटेवरचे आहेत. पहिला, मजकूर पडताळता आला पाहिजे. दुसरा, त्यात स्वतःचे अप्रकाशित संशोधन नसावे. तिसरा, लेखन तटस्थ असावे. जाणकारांत मतभेद असतील तर सर्व महत्त्वाची मते त्यांच्या वजनाप्रमाणे द्यावीत.

संदर्भ पारखताना स्वतःला चार प्रश्न विचारावेत. हे कोणी लिहिले? छापण्यापूर्वी दुसऱ्या कोणी तपासले काय? लिहिणाऱ्याचा या विषयात काही स्वार्थ आहे काय? आणि आपण जे म्हणतो तेच या पानावर लिहिले आहे काय? एखाद्या कंपनीची थोरवी तिच्याच जाहिरातपत्रकावरून सिद्ध होत नाही, कारण तेथे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे येते. चौथा प्रश्न नवशिके बहुधा विसरतात. पुस्तक नामवंत असते, पण सांगितलेली गोष्ट त्यात नसतेच.

नियम मोडले तर काय होते याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिका खंडात कोआटी नावाचा एक लहान प्राणी आढळतो. २००८ साली एका अमेरिकी विद्यार्थ्याने इंग्रजी विकिपीडियावर थट्टेने त्याला एक बनावट टोपणनाव जोडले. कोणी आधार मागितला नाही. पुढे काही वृत्तपत्रांनी ते नाव उचलले, आणि तीच वृत्तपत्रे नंतर त्या नावाला आधार म्हणून दाखविली जाऊ लागली! कोशाने वृत्तपत्राकडे बोट दाखवावे आणि वृत्तपत्राने कोशाकडे, असे हे चक्र झाले. मूळ उलगडायला २०१४ साल उजाडले. पहिल्याच दिवशी कोणी ‘संदर्भ हवा’ असे लिहिले असते, तर हे चक्र सुरूच झाले नसते.

(ई) जे छापलेच गेले नाही, त्याचे काय?

नियम चांगला असला तरी त्यालाही मर्यादा असते. ज्या समाजांत पुस्तके फार छापली गेली, त्यांचे ज्ञान कोशात सहज जाते. ज्यांचे ज्ञान ओठांवर राहिले, त्यांनी आधार कोठून आणावा? बी राखण्याची रीत, देवीचा जागर, मुलांचे खेळ, औषधी पाने यांविषयी तुमच्या आजीला जे ठाऊक आहे, ते बहुधा कोणत्याही ग्रंथात नसते.

हा प्रश्न बंगळूरमधूनच जगापुढे ठळकपणे मांडला गेला. तेथील लेखक व कार्यकर्ते अचल प्रभला यांनी २०११ साली ‘पीपल आर नॉलेज’, म्हणजे ‘माणसे हेच ज्ञान’, या नावाचा माहितीपट व प्रकल्प साकारला. भारतातील व दक्षिण आफ्रिकेतील जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करावयाच्या आणि ते ध्वनिमुद्रण लेखाला संदर्भ म्हणून जोडावयाचे, असा तो प्रयोग होता. मल्याळम, हिंदी आणि आफ्रिकेतील सेपेडी या भाषा त्यासाठी निवडल्या होत्या. त्यावर पुष्कळ वाद झाला. मुलाखत घेणाराच लेख लिहू लागला तर ते स्वतःचे संशोधन ठरत नाही काय, असे काहींनी विचारले. तो आक्षेप बिनबुडाचा नव्हता आणि प्रभलांचा प्रश्नही खोटा नव्हता.

या पेचातून निघणारी एक वाट महाराष्ट्रात दिसते. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. गाणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. ओवीबरोबर गाणारीचे व गावाचे नाव नोंदले गेले. २०१७ पासून ‘पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने या ओव्या महाजालावर प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ज्या स्त्रियांचे म्हणणे कधी कोणी लिहून घेतले नव्हते, त्यांच्या शब्दांकडे आता अभ्यासक आधार म्हणून बोट दाखवू शकतात.

म्हणजे आधार मागणे हा जसा ज्ञानाचा एक धर्म, तसाच आधार निर्माण करणे हा दुसरा. कोणी सांगितले, कोठे सांगितले, केव्हा सांगितले, एवढे तीन तपशील जपून लिहून ठेवणे पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्यालाही जमण्यासारखे आहे.

शब्दार्थ

साधार – आधारासह. महाजाल – इंटरनेट. वीरगळ – वीराचा स्मृतिस्तंभ वा कोरीव शिळा. आख्यायिका – परंपरेने चालत आलेली कथा. दफ्तर – जुन्या कागदपत्रांचा संग्रह. तटस्थ – कोणाचीही बाजू न घेणारे. मौखिक – तोंडी चालत आलेले. खट्टू होणे – नाराज होणे.

पाठगत प्रश्न १४.१

योग्य पर्याय निवडून लिहा.
१. नवशिक्यांच्या सरावाच्या पानाला मराठी विकिपीडियावर काय म्हणतात?
(अ) चर्चापान (आ) धूळपाटी (इ) दफ्तर
२. बेगूरचा शिलालेख वीर बल्लाळाच्या काळाच्या तुलनेत कसा आहे?
(अ) सुमारे तीनशे वर्षे आधीचा (आ) त्याच काळातील (इ) तीनशे वर्षे नंतरचा
३. कोआटीच्या उदाहरणातून कोणता धोका दिसतो?
(अ) लेख फार मोठे होतात (आ) चूकच पुढे स्वतःचा आधार बनते (इ) प्राणी नष्ट होतात

१४.४ भाषाभ्यास : माहिती कोठून आली हे सांगणारे शब्द

मराठीत एखादी माहिती ऐकीव आहे हे एका लहानशा शब्दाने सांगता येते. पुढील वाक्ये पाहा.

(१) गावात वाघ आला.
(२) गावात वाघ आला म्हणे.
(३) गावात वाघ आला, असे वनरक्षकाने सांगितले.

पहिल्या वाक्यात बोलणारा स्वतः जबाबदारी घेतो. दुसऱ्या वाक्यातील ‘म्हणे’मुळे ही ऐकीव वार्ता आहे हे कळते, पण सांगणारा कोण हे कळत नाही. तिसऱ्या वाक्यात सांगणाराही कळतो. कोशातील लेखनासाठी तिसरी रचना योग्य होय. ‘असे म्हणतात’, ‘असे मानले जाते’ ही वाक्ये ‘म्हणे’चीच प्रौढ रूपे आहेत, ती वापरली की ‘कोण म्हणते?’ हा प्रश्न उभा राहतो. त्याऐवजी ‘राजवाडे यांच्या मते’, ‘शिलालेखानुसार’ अशी निश्चित रचना करावी.

पाठगत प्रश्न १४.२

‘हा घाट फार जुना आहे म्हणे.’ हे वाक्य आधार स्पष्ट होईल अशा रीतीने पुन्हा लिहा.

१४.५ तुम्ही काय शिकलात?

• माहितीचे मोल ती सांगणाऱ्याच्या पदवीवर नव्हे, तर तिच्या आधारावर ठरते.
• अनेक दुबळ्या संदर्भांपेक्षा एक तपासलेला संदर्भ अधिक उपयोगाचा असतो.
• आख्यायिका टाकून द्यावयाची नसते. ती आख्यायिका म्हणून नोंदवावयाची असते.
• मौखिक ज्ञानाची नोंद नीट ठेवली, तर ते पुढील अभ्यासकाचा आधार बनते.

१४.६ स्वाध्याय

१. ‘संदर्भ हवा’ हे शब्द पाहून नवशिक्याच्या मनात कोणत्या शंका आल्या? त्या कशा दूर झाल्या?
२. शिलालेख स्वतः पाहिला असूनही छापील ग्रंथाचा संदर्भ का द्यावा लागला?
३. मौखिक ज्ञानाला संदर्भ मानावे काय? दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.
४. ‘१६३८ साली विजापूरच्या सैन्याने बंगळूर जिंकल्यावर ते शहाजीराजे भोसले यांना जहागीर म्हणून मिळाले.’ जवळच्या ग्रंथालयात जाऊन या विधानाला आधार शोधा. ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशनवर्ष व पृष्ठक्रमांक लिहा.
५. उपक्रम : तुमच्या गावाच्या नावाविषयीची कथा घरातील वा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून ऐका. तिची परवानगी घेऊन तिच्याच शब्दांत ती लिहून काढा. सांगणाऱ्याचे नाव, ठिकाण व दिनांक नोंदवा.

१४.७ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१४.१ : १. (आ) २. (अ) ३. (आ)
१४.२ : नमुना उत्तर – ‘हा घाट शंभर वर्षांपूर्वीही होता, असे गावातील एका वयोवृद्ध शेतकऱ्याने सांगितले.’ तुमच्या वाक्यात सांगणारी व्यक्ती किंवा ग्रंथ यांचा निश्चित उल्लेख असेल, तर ते उत्तरही बरोबर आहे.